चष्म्याची चौकट

चष्मा म्हटला की आपले लक्ष प्रथम त्याच्या भिंगांकडे जाते. परंतु भिंग कितीही निर्दोष असले, तरी ते डोळ्यासमोर योग्य जागी स्थिर राहिले नाही, तर डोळ्यांना ताण पडतो. त्याला जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम चौकट करते. म्हणूनच चौकट घडविणाऱ्याचा हात कसबी असावा लागतो.

अशा कसबासाठी जपानमधील साबाए हे शहर प्रसिद्ध आहे. ते ज्या फुकुई प्रांतात आहे, तेथे हिवाळ्यात फार बर्फ पडते. पूर्वी त्या दिवसांत शेते बर्फाखाली गाडली जात आणि शेतकऱ्यांच्या हातांना काम उरत नसे. साबाएजवळच्या आसोझू गावातील मासुनागा गोझाएमोन यांनी यावर उपाय शोधला. १९०५ साली त्यांनी ओसाका शहरातून चष्म्याचे कारागीर बोलावून गावकऱ्यांना ही विद्या शिकविली. शिकलेल्यांचे लहान लहान गट झाले. प्रत्येक गट दुसऱ्यापेक्षा सरस काम करण्यासाठी झटू लागला. आज जपानात तयार होणाऱ्या शंभर चौकटींपैकी नव्वदांहून अधिक याच प्रदेशात बनतात!

उत्तम चौकट दोनशेच्या आसपास लहानमोठ्या क्रियांतून जाते. काही चौकटी ॲसिटेट नावाच्या पदार्थाच्या असतात. तो कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंपासून करतात. त्याच्या रंगीत पट्टीतून यंत्राने चौकटीचा आकार कापतात, आतल्या कडेला भिंग बसण्यासाठी खाच पाडतात, आणि कानांवर टेकणाऱ्या काड्यांत धातूची तार घालतात. मग लाकडाच्या बारीक तुकड्यांनी भरलेल्या पिंपात हे भाग घालून ते पिंप कितीतरी तास फिरवीत ठेवतात. घासून घासून त्यांच्या धारदार कडा गुळगुळीत होतात. शेवटची झिलई मात्र कारागीर फिरत्या चाकावर, हातानेच देतो.

टायटॅनियम या धातूची चौकट हलकी असते आणि घामाने गंजत नाही. पण ती घडविणे कठीण. तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली की तो ठिसूळ होतो. म्हणून त्याचे सांधे आर्गॉन वायूच्या आवरणात जोडावे लागतात. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी साबाएच्या कारागिरांनी ही अडचण जिंकली आणि त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

शेवटी चौकट सपाट पृष्ठावर ठेवून पाहतात. दोन्ही काड्या सारख्या टेकल्या पाहिजेत. बिजागरी सैल नको, घट्टही नको. एखादी काडी किंचित वाकडी असली, तरी कारागीर ती हाताने सरळ करतो. कारण तो एवढासा दोष चष्मा लावणाऱ्याच्या नाकाला व कानांना दिवसभर बोचत राहील.

चांगल्या चौकटीची खूण सोपी आहे. ती नाकावर असूनही तिची आठवण होत नाही. मात्र तिच्यामागे कित्येक हातांचे मनापासून केलेले काम असते.