विश्लेषण : घरच्याच गणपती कारखान्यात बाळंतपणाची रजा कोण देणार?

नोकरी करणाऱ्या आईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण रायगड जिल्ह्यातल्या पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरच्याच कारखान्यात गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्या आईचं काय? तिथे मालक घरचे, कामगार घरचे आणि कारखानाही घराला लागूनच. अशा ठिकाणी मूल आणि धंदा एकाच वेळी सांभाळायचा म्हणजे नेमकं काय होतं? कायदा आणि सरकारी योजना तिच्यापर्यंत पोहोचतात का? समजून घेऊया.

या कामाचं वेळापत्रक कसं असतं?

गणेशोत्सव वर्षातून एकदा येत असला, तरी पेणच्या कारखान्यांचं काम जवळपास वर्षभर चालतं. विसर्जनानंतर थोडी उसंत मिळते आणि मग पुढच्या वर्षाचे साचे निघतात. परदेशात जाणाऱ्या मूर्ती जहाजाने जातात, त्यामुळे त्या काही महिने आधीच तयार ठेवाव्या लागतात. पावसाळा सुरू झाला की मूर्ती लवकर वाळत नाहीत आणि नेमकी तेव्हाच रंगकामाची घाई असते.

शेवटची तारीख पंचांग ठरवतं. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. चतुर्थीनंतर एका दिवसाने तयार झालेल्या मूर्तीला गिऱ्हाईक नसतं. इतर धंद्यांत ऑर्डर आठवडाभर पुढे ढकलता येते, इथे ती सोय नाही.

आता एखाद्या घरात मे महिन्यात बाळ जन्मलं असं समजा. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवजात बाळाला साधारण दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं. म्हणजे जून, जुलै आणि ऑगस्ट हे कारखान्याचे सर्वात घाईचे महिने आणि बाळाचे सर्वात नाजूक महिने एकच ठरतात.

दुसऱ्या कुणाला काम का देता येत नाही?

काही कामं देता येतात. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं किंवा अंगाचा मूळ रंग मारणं यासाठी मजूर मिळतात. अडचण येते ती आखणीला. मूर्तीचे डोळे, भुवया आणि सोंडेवरची नक्षी हे हाताचं कौशल्य आहे. ते यायला काही वर्षं जातात आणि गिऱ्हाईक मूर्ती पसंत करतं ते बहुतेकदा डोळे बघूनच. ज्या घरात आखणीचा हात सुनेचा किंवा लेकीचा असतो, तिथे ती थांबली की शेकडो मूर्ती डोळ्यांविना रांगेत उभ्या राहतात.

त्यामुळे तिला ‘जमेल तेवढंच कर’ असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात बाळ झोपलं की ब्रश हातात आणि बाळ उठलं की ब्रश पाण्यात, असा दिवस जातो. स्वयंपाक, धुणी-भांडी वेगळीच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिलांचा रोजचा सरासरी २८९ मिनिटांचा वेळ त्यात जातो, तर पुरुषांचा ८८ मिनिटांचा. मुलं आणि वडीलधारे यांची काळजी घेण्यात महिला १३७ मिनिटं देतात आणि पुरुष ७५ मिनिटं.

घर आणि कारखाना एकत्र असल्याने आरोग्याचा प्रश्नही आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची धूळ, स्प्रेचे फवारे आणि थिनरचा वास गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला चांगला नाही. रंगात शिसं असेल तर ते गर्भापर्यंत पोहोचतं. त्यामुळे या काळात स्प्रेचं काम तिच्याकडे न देणं आणि बाळाची झोळी रंगकामाच्या खोलीबाहेर बांधणं, एवढं तरी घराने पाळायला हवं.

मातृत्व रजेचा कायदा इथे का लागू होत नाही?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पण दुकानं आणि इतर आस्थापनांसाठी किमान १० कर्मचाऱ्यांची अट आहे. शिवाय आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही चौकट कायम आहे.

समजा, कारखान्यात दहापेक्षा जास्त मजूर आहेत. तरी मालकाच्या बायकोचं किंवा सुनेचं नाव हजेरीपटावर नसतं. तिला पगार नाही, म्हणून पगारी रजाही नाही. सरकारी आकडेवारीत अशा बाईला ‘घरच्या उद्योगातील मदतनीस’ म्हणतात. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातल्या काम करणाऱ्या महिलांपैकी साधारण ३७ टक्के याच गटात येतात. म्हणजे हा प्रश्न फक्त पेणच्या कारखान्यांचा नाही. येवल्याच्या मागावर कांडी भरणाऱ्या बाईचाही तो आहे.

मग तिला काय मिळू शकतं?

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असणं किंवा ई-श्रम कार्ड असणं, अशा निकषांपैकी एक पूर्ण करावा लागतो. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे करता येतो. बुडालेल्या मजुरीची काही प्रमाणात भरपाई हा या योजनेचा एक हेतू आहे. पण ५,००० रुपये २६ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला १९२ रुपये पडतात.

दुसरी योजना पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत मूर्तिकार आहेत. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. मात्र एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला नोंदणी करता येते आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुलं. नवऱ्याचं नाव आधी लागलं की आखणी करणारी बायको आपोआप बाहेर राहते. म्हणून अर्ज भरण्याआधीच कुणाचं नाव द्यायचं, हे घरात बोलून ठरवायला हवं.

घर काय करू शकतं?

बाळंतपणाची तारीख काही महिने आधी कळते आणि चतुर्थीची तर वर्षानुवर्षं आधी. त्यामुळे दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरवर मांडणं ही पहिली पायरी. त्या वर्षी बुकिंग किती मूर्तींवर थांबवायचं, हे त्यावरून ठरतं. दुसरी पायरी म्हणजे घरातल्या आणखी एकाला आखणी शिकवणं. तो नवरा किंवा दीरही असू शकतो. एकाच हातावर अख्खा धंदा उभा असेल, तर आजारपणातही तोच प्रश्न येतो.

तिसरी पायरी पैशांची. नगावर मजुरी घेणाऱ्या बाहेरच्या कारागिराचा हिशोब वहीत असतो. घरच्या बाईच्या आखणीचाही तसाच लिहिला, तर तिची कमाई किती आणि ती थांबली तर नुकसान किती, हे दोन्ही आकडे समोर येतात. भागीदारीचा करार करून तिला नफ्यात हिस्सा देता येतो आणि तिच्या खात्यात पैसे जमा करता येतात. पुढे तिला स्वतःच्या नावावर कर्ज काढायचं झालं, तर बँक हीच नोंद मागते.

मुलाला ठेवण्याची सोय हा भाग मात्र घराबाहेरचा आहे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं. घरोघरी कारखाने असलेल्या गावांत जून ते सप्टेंबर असं पाळणाघर सुरू राहिलं, तर त्याचा उपयोग एका नव्हे, डझनभर घरांना होईल. ग्रामसभेत हा विषय मांडायचा असेल, तर सीझन सुरू होण्याआधीची सभा गाठायला हवी.