वक्र पडदा आणि खोलीतला उजेड

संगणकावरील खेळांत रात्रीचे दृश्य आले म्हणजे सामान्य मॉनिटरची मर्यादा उघडी पडते. एलसीडी पडद्यावरील बिंदू स्वतः प्रकाशत नाहीत. त्यांच्या पाठीमागे एक दिवा अखंड जळत असतो, आणि त्या दिव्याच्या उजेडाला वाट द्यावयाची किंवा ती अडवावयाची, एवढेच कार्य मधल्या द्रवस्फटिकांच्या थराकडे सोपविलेले असते. परंतु भर दुपारी खिडकीवर जाड कापड ओढले तरी उजेड जसा झिरपतच राहतो, तसा हा मागचा उजेडही पूर्णपणे कधीच अडत नाही, आणि त्यामुळे गुहेतला अंधार, चांदण्या रात्रीचे आकाश, बोगद्यात शिरणाऱ्या मोटारीपुढचा काळोख, या साऱ्यांवर राखी रंगाची एक झाक पसरून राहते. ओएलईडी पडद्यात हा मागचा दिवाच नाही. त्यातील प्रत्येक बिंदू सेंद्रिय द्रव्यांच्या अतिसूक्ष्म थरांचा घडविलेला असून, विद्युत्प्रवाह मिळाला की तो स्वतः प्रकाशतो आणि प्रवाह थांबला की संपूर्ण विझतो. म्हणून त्या पडद्यावर चमकणाऱ्या ताऱ्याच्या अगदी लगतचा बिंदू निखळ काळा राहू शकतो. या पडद्यासाठी आपण जी अधिक रक्कम मोजतो, तिचा फार मोठा भाग या काळ्या रंगापोटी असतो, हे खरेदीला निघण्यापूर्वी मनाशी पक्के असावे.

या विद्येचा पाया १९८७ साली घातला गेला. अमेरिकेत रॉचेस्टर येथील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या संशोधकद्वयाने सेंद्रिय द्रव्याचे दोन पातळ थर एकावर एक रचून, दहा व्होल्टांहूनही कमी दाबावर त्यांतून लक्षणीय प्रकाश मिळतो हे दाखवून दिले. पुढे २००७ मध्ये सोनीने ११ इंचांचा छोटा दूरचित्रवाणी संच विक्रीस आणला, २००९ मध्ये कोडॅकने आपला हा सारा व्यवसाय एलजीच्या हवाली केला, आणि २०१३ पर्यंत ५५ इंचांचे संच दिवाणखान्यांत पोहोचले. मेजावरच्या मॉनिटरला मात्र आणखी बरीच वर्षे थांबावे लागले, आणि त्याचे कारण पुढे येणाऱ्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे: दूरचित्रवाणीवरील चित्र सतत पालटते, संगणकावर मात्र तळाची पट्टी, चिन्हे आणि चौकटी तासन्‌तास एकाच जागी स्थिर असतात, आणि स्थिर चित्र हा या सेंद्रिय द्रव्यांचा जुना वैरी आहे. २०२२ मध्ये डेलच्या एलियनवेअर शाखेने ३४ इंचांचा, १८००आर वक्रतेचा आणि १७५ हर्ट्झ गतीचा मॉनिटर १२९९ डॉलरना बाजारात आणला, तेव्हा त्याच्या तांत्रिक तपशिलाइतकाच लक्षणीय होता तो हमीपत्रातील एक मजकूर. पडद्यावर कायमचा डाग उमटल्यास, म्हणजे ज्याला सर्वत्र बर्न-इन म्हणतात तसे झाल्यास, तीन वर्षांच्या मुदतीत त्याची जबाबदारी कंपनीने पत्करली होती. त्यानंतर सॅमसंग, एलजी, एसुस, एमएसआय यांचे असे मॉनिटर एकामागून एक आले, आणि आज लाखाच्या घरातील रक्कम हाती असलेल्या ग्राहकापुढे निवडीचा खरा पेच उभा आहे.

हा पेच बहुतेक जण गतीच्या आकड्यापासून सोडवावयास घेतात. १७५ हर्ट्झ की २४०, याच चर्चेत संध्याकाळ संपते. मला हा क्रम उलटा वाटतो. पडदा ज्या खोलीत राहणार तिथे दिवसा किती उजेड येतो, डोळा आणि पडदा यांत किती अंतर पडणार, आणि खेळाव्यतिरिक्त त्याच पडद्यावर रोज किती तास कचेरीचे काम होणार, या तीन बाबींची उत्तरे आधी लिहून काढावीत. त्यांच्या कसोटीवर बाजारातील निम्मे मॉनिटर आपोआप गळून पडतात.

प्रथम अंतराशी निगडित असलेल्या वक्रतेचा विचार करू. १८००आर याचा अर्थ असा की हा पडदा १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा एक तुकडा आहे. आकडा जितका लहान, तितका बाक अधिक. ३४ इंचांचा रुंद पडदा सुमारे ८० सेंटिमीटर लांब असतो, आणि १८००आर वक्रतेने त्याच्या कडा मध्यापेक्षा जेमतेम साडेचार सेंटिमीटर पुढे येतात; हा बाक पहिल्या दिवशी जाणवतो आणि आठवड्याभरात विसरला जातो. याउलट एलजीच्या ४५ इंची पडद्याची वक्रता ८००आर असून त्याच्या कडा सुमारे सोळा सेंटिमीटर पुढे झेपावतात, आणि खेळणाऱ्याचे मस्तक बरोबर ८० सेंटिमीटरवर असेल तर पडद्याचा मध्य आणि त्याची टोके डोळ्यांपासून सारख्याच अंतरावर येतात. मोटारशर्यतीच्या किंवा विमानोड्डाणाच्या खेळांत, जिथे माणूस एका आसनात बसून समोरची काच आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या नजरेच्या टप्प्यात ठेवू पाहतो, तिथे ही रचना विलक्षण परिणामकारक ठरते. परंतु त्याच पडद्यावर वास्तुशिल्पाचा आराखडा काढावयाचा असेल किंवा हिशेबाचे रकाने तपासावयाचे असतील, तर सरळ रेषा धनुष्याकार भासू लागतात, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाला चित्र विरूप दिसते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. एलसीडीच्या, विशेषतः व्हीए जातीच्या पडद्यांत तिरप्या कोनातून रंग फिके पडत, आणि कडा आत वळविल्याने तो दोष काही अंशी झाकला जाई. म्हणजे तिथे वक्रतेला एक औषधी प्रयोजन होते. ओएलईडी पडद्याचे रंग तिरक्या नजरेलाही फारसे ढळत नाहीत, म्हणून इथे वक्रतेचे समर्थन केवळ रुंदीनेच होऊ शकते. ८० सेंटिमीटर किंवा अधिक लांबीच्या पडद्याला बाक हवा. ३२ इंचांच्या सोळास नऊ प्रमाणाच्या ४के पडद्याला तो असला तरी चालतो आणि नसला तरी काही बिघडत नाही. ४९ इंचांचा अतिरुंद पडदा, ज्यात दोन २७ इंची मॉनिटर शेजारी-शेजारी जोडल्याइतकी जागा मिळते, १८००आर वक्रतेत चांगला शोभतो, फक्त त्याला सव्वा मीटरभर मोकळे मेज हवे, आणि आपल्याकडील फ्लॅटमधल्या अभ्यासिकेत तेवढे मेज असतेच असे नाही.

दुसरी बाब उजेडाची. बाजारात आज दोन घराणी आहेत. एलजीच्या रचनेत पांढरा प्रकाश निर्माण करून तो रंगीत गाळण्यांतून नेतात, आणि तेज वाढविण्यासाठी तांबड्या, हिरव्या, निळ्या उपबिंदूंच्या जोडीला एक पांढरा उपबिंदू ठेवतात. सॅमसंगच्या क्यूडी-ओएलईडीत मूळ प्रकाश निळा असून, त्याचे तांबड्या व हिरव्या रंगांत रूपांतर क्वांटम डॉट करतात. ज्या अतिसूक्ष्म कणांच्या शोधासाठी बावेंदी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे कण. या दुसऱ्या घराण्यातील रंगांची गडद श्रीमंती मला स्वतःला निःसंशय अधिक मोहक वाटते. पण एलियनवेअरच्या २०२२ च्या त्या पहिल्या क्यूडी-ओएलईडी मॉनिटरपासून या पडद्यांवर ध्रुवक पटल नसल्यामुळे खोलीतला उजेड आत शिरून परततो आणि काळा रंग किंचित जांभळट-करडा दिसू लागतो. अंधाऱ्या खोलीत जो पडदा राजवैभवाने मिरवतो, तोच पश्चिमेच्या खिडकीसमोर मांडल्यास संध्याकाळी चार वाजता आपले सर्वस्व गमावून बसतो. ज्यांच्या घरी मॉनिटर दिवाणखान्यात किंवा बाल्कनीलगत ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी एलजीच्या रचनेचा पडदा पाहावा, किंवा खोलीला जाड पडद्यांची तजवीज आधी करावी. शिवाय ओएलईडीचे तेज चित्रावर अवलंबून असते. पडद्याच्या लहानशा कोपऱ्यात सूर्य तळपत असेल तर हजार निटपर्यंत (निट हे तेजाचे एकक) मजल जाते, पण सबंध पडदा पांढरा झाला की वीज व उष्णता आवरण्यासाठी यंत्रणा स्वतःच तेज अडीचशे निटच्या आसपास खाली आणते. रात्रीच्या खेळात हे जाणवतही नाही. दिवसा पांढऱ्या पानावर लेखन करणाऱ्याला मात्र ते सतत खटकते.

लेखनाचा विषय निघालाच आहे, तर अक्षरांविषयी सांगावयास हवे. आजवरच्या बहुतेक क्यूडी-ओएलईडी पडद्यांत तिन्ही रंगांचे उपबिंदू एका ओळीत नसून त्रिकोणात मांडलेले असतात, हिरवा वर आणि तांबडा व निळा खाली, आणि म्हणून आडव्या रेषेच्या वरच्या व खालच्या कडेला हिरवट-जांभळट रंगाची अस्फुट किनार दिसते. रोमन लिपीत आडव्या रेषा तुटक असतात. देवनागरीत शिरोरेषा प्रत्येक शब्दावरून अखंड धावते, त्यामुळे मराठी मजकूर वाचताना ही किनार अधिक डोळ्यांत भरते. बिंदूंची दाटी वाढली की दोष विरतो. ३४ इंची पडद्यावर इंचामागे सुमारे ११० बिंदू येतात, ३२ इंची ४के पडद्यावर १४०. परंतु ३४४० गुणिले १४४० बिंदूंच्या ४५ इंची पडद्यावर ते ८३ पर्यंत घसरतात, आणि तेवढ्या विरळ पटावर अक्षरे रेखीव दिसण्याची अपेक्षाच करू नये. ज्याला मोठा पडदा आणि स्वच्छ अक्षर दोन्ही हवे, त्याने ५१२० गुणिले २१६० बिंदूंच्या नव्या ४५ इंची मॉनिटरकडे वळावे. मात्र त्या एका कोटी दहा लाख बिंदूंना पुरे पडणारे ग्राफिक्स कार्ड पडद्याइतकेच महाग पडते.

गतीविषयी थोडक्यात. ओएलईडीचा बिंदू मिलिसेकंदाच्या अल्पांशात रंग पालटतो, म्हणून १७५ हर्ट्झचा असा पडदाही त्याच गतीच्या एलसीडीहून स्वच्छ हालचाल दाखवतो. २४० हर्ट्झला एक चौकट ४.१७ मिलिसेकंद टिकते, आणि तिचा लाभ जलद नेमबाजीच्या खेळांत ज्यांचा हात पक्का बसला आहे त्यांनाच मिळतो. दोन गोष्टी पूर्वी कळलेल्या बऱ्या: चौकटींची गती खाली-वर होत असताना अंधाऱ्या दृश्यांत पडदा कधी कधी लुकलुकतो, आणि एकवीसास नऊ प्रमाण सर्वच खेळांना मान्य नाही. एल्डन रिंगसारखा गाजलेला खेळ आपल्या मूळ रूपात दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स यांनाही हे रुंद प्रमाण ठाऊक नाही.

आता बर्न-इन. सेंद्रिय द्रव्य प्रकाशता प्रकाशता झिजते, निळे द्रव्य सर्वांत लवकर. आणि जिथे एकच आकृती दीर्घकाळ उजळत राहते, तिथली झीज शेजाऱ्यांहून अधिक होऊन तिची छाया कायमची उमटते. यावर उपाय म्हणून मॉनिटर साधारण चार तासांच्या वापरानंतर, तो बंद असल्याचे आपल्याला वाटत असताना, काही मिनिटे स्वतःची दुरुस्ती करून घेतो. आपल्या घरांतील एक उत्तम सवय नेमकी इथे आड येते. काम संपले की भिंतीवरचे बटण बंद करावयाचे, हा संस्कार लहानपणापासूनचा. पण प्लगची वीजच तोडली तर ती दुरुस्ती होत नाही, आणि महिनोन्‌महिने असे घडल्यास पडदा अकाली झिजतो. म्हणून मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, भिंतीवरचे बटण अर्धा तास चालू राहू द्यावे, तळाची पट्टी आपोआप लपेल अशी योजना करावी, आणि दिवसा कामाच्या वेळी तेज निम्म्यावर आणावे. ज्यांचा दिवस आठ-आठ तास एकाच आकडेवारीच्या तक्त्यासमोर जातो, त्यांनी कामासाठी साधा एलसीडी मॉनिटर वेगळा ठेवावा, असेच मी आग्रहाने सांगेन. तो स्वस्तात मिळतो आणि महागड्या पडद्याचे आयुष्य राखतो.

या साऱ्याचा विचार करता, अंधार करता येईल अशी खोली, पाऊण मीटरचे अंतर आणि मुख्यतः खेळासाठीच वापर, अशी ज्याची परिस्थिती आहे त्याला ३४ इंचांचा, १८००आर वक्रतेचा क्यूडी-ओएलईडी मॉनिटर हीच माझी पहिली शिफारस राहील. करआकारणीही आता त्याला अनुकूल झाली आहे. पूर्वी ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर पडे, तो भेद २२ सप्टेंबर २०२५ पासून संपून सर्वांवर १८ टक्के झाला. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या आप्तांकरवी मॉनिटर मागविण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु हमी बहुधा खरेदीच्या देशापुरतीच असते, आणि बर्न-इनची हमी हीच या वस्तूच्या किमतीतील सर्वांत मोलाची बाब आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या वा ऑनलाइन मागवा, हमीपत्रात बर्न-इनचा स्पष्ट उल्लेख आहे काय, मुदत किती वर्षांची आहे, आणि पडदा बदलून देण्यासाठी तो घरून नेतात की आपण पोहोचवावयाचा, हे लेखी विचारून घ्यावे. घरी आल्यावर पहिल्याच रात्री दिवे मालवून संपूर्ण पडद्यावर अगदी मंद करडा रंग आणून पाहावा; उभे पट्टे किंवा धब्बे ठळक दिसले, तर परत करण्याची मुदत उलटण्यापूर्वी विक्रेत्याला कळवावे, आणि तोवर खोके व त्यातील फोमचे साचे जपून ठेवावेत, कारण वक्र पडदा त्यांच्याखेरीज सुरक्षित परत पाठविता येत नाही.