बर्लिनचे ऑलिम्पिक स्टेडियम आणि तडा गेलेली घंटा

बर्लिनच्या पश्चिम भागातील ऑलिम्पिक स्टेडियम बाहेरून अपेक्षेपेक्षा बुटके दिसते, कारण वास्तुरचनाकार वेर्नर मार्च यांनी त्याचा खालचा भाग जमिनीत सुमारे 12 मीटर खोल उतरवला. दगडी खांबांच्या रांगेतून आत पाऊल टाकताच पायांखाली प्रचंड दरी उघडते, आणि पाहुण्याला दिपवण्याचाच हा बेत असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. धाक वा पैसा न वापरता, केवळ आकर्षणाच्या जोरावर इतरांना आपल्याकडे वळवण्याच्या क्षमतेला जोसेफ नाय यांनी 1990 मध्ये ‘सॉफ्ट पॉवर’, म्हणजे सौम्य सत्ता, असे नाव दिले. तिचा एक धीट प्रयोग येथे 1936 मध्येच होऊन गेला होता.

1936 च्या ऑलिम्पिक खेळांचे यजमानपद बर्लिनला 1931 मध्ये, हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी, मिळाले होते. मार्च 1936 मध्ये जर्मन सैन्य करार धुडकावून ऱ्हाइनलँडमध्ये शिरले आणि ऑगस्टमध्ये 49 देशांचे खेळाडू त्याच राजवटीचा पाहुणचार घेऊ लागले. ज्यूविरोधी फलक तेवढ्यापुरते उतरवले गेले. शहरातील सिंती व रोमा कुटुंबांना मात्र जुलैतच मार्त्सानच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले होते. ऑलिम्पियाहून धावत ज्योत आणण्याची प्रथा आज प्राचीन समजली जाते, पण तीही याच स्पर्धेची निर्मिती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने या निमित्ताने बर्लिनमध्ये कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, ही परतंत्र देशाने साधलेली छोटीशी सौम्य सत्ताच म्हणावी लागेल.

जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूने 4 सुवर्णपदके जिंकून हिटलरचा डाव उधळला, हे विधान ऐकायला गोड असले तरी अपुरे आहे. पदकतालिकेत जर्मनीच अग्रस्थानी राहिली आणि पुष्कळ परदेशी पाहुणे व्यवस्थेची वाखाणणी करत परतले. स्टेडियमच्या दक्षिणेकडील रस्त्याला ओवेन्सचे नाव मिळाले, ते बऱ्याच उशिरा.

स्टेडियमजवळ ऑलिम्पिक घंटेसाठी उभारलेला आणि दुसऱ्या महायुद्धात जळालेला घंटामनोरा ब्रिटिश सैन्याने 1947 मध्ये सुरुंगाने पाडला, तेव्हा खाली आदळून घंटेला तडा गेला. मार्च यांनीच पुढे मनोरा नव्याने बांधला, पण जुनी घंटा स्टेडियमजवळ जमिनीवरच राहिली, आणि जगातील तरुणांना साद घालणारी तिच्यावरील अक्षरे व त्यांच्याजवळचे अर्धवट बुजवलेले नाझी स्वस्तिक आजही ओळखू येते. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकापूर्वी स्टेडियमवर नवे छत चढवले गेले, तेव्हा मॅरेथॉन दरवाजाच्या बाजूला त्याचे वर्तुळ मुद्दाम तुटते ठेवण्यात आले. त्या फटीतून मनोरा आजही आतल्या प्रेक्षकांना दिसतो.