चार तासांची शिफ्ट, सात तासांचा दिवस

मागच्या महिन्यात पुण्यात अभ्यासिकेत येणाऱ्या काही मुलांशी बोलत होते. त्यांतले तिघे बर्गरच्या साखळी रेस्टॉरंटमध्ये तासावर काम करतात. "ताई, चारच तासांची शिफ्ट आहे, अभ्यास होतो," असं एकानं सांगितलं. मग आम्ही त्याचा कालचा दिवस वहीत लिहून काढला. बसनं पाऊण तास. दहा मिनिटं आधी हजर राहून युनिफॉर्म घालायचा. चार तास काउंटर. मग क्लोजिंग: फ्रायरचं तेल गाळायचं, ग्रिल घासायचं, फरशी पुसायची. आउटचा पंच मात्र क्लोजिंगच्या आधीच मारून घेतलेला. शेवटची बस गेलेली, म्हणून दोघांत रिक्षा. बेरीज जवळजवळ सात तास झाली. पैसे चारचे.

तासावरच्या कामात नेमकं हेच समजून घ्यायला हवं. गर्दी नसेल तर मॅनेजर म्हणतो, "आज लवकर जा." ऐकायला बरं वाटतं, पण तेवढे तास कापले जातात. धंदा मंदावण्याचा धोका खरं तर मालकाचा. तो इथे मुलाच्या खिशात ढकलला जातो. मॅचच्या किंवा सणाच्या दिवशी उलटं, सुट्टी रद्द. पुढच्या आठवड्याचं रोस्टर रविवारी रात्री ग्रुपवर येतं, त्यामुळे रिकाम्या वेळेचंही काही ठरवता येत नाही.

हे काम वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. अनोळखी माणसाशी न घाबरता बोलायला मुलं तिथे शिकतात. छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव असतं, आडनाव नाही, हे एकाला फार आवडलं होतं. पण त्यालाच विचारलं, संडास कोण धुतं? कागदावर सगळ्यांची पाळी आहे. प्रत्यक्षात तेच दोघं. कोण, हे त्याला सांगावं लागलं नाही.

आता कायद्याचं. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते आणि कारखान्यांत आठवड्याला 48 तासांची मर्यादा त्याच काळात आली. रेस्टॉरंटला दुकाने व आस्थापनांचा कायदा लागतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानं दिवसाला 9 तासांची मर्यादा घातली. ती 10 करण्याचा आणि 20 पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना वगळण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये घेतला. छोट्या आउटलेटमधल्या मुलांनी ही बातमी नीट वाचावी. जादा कामाला दुप्पट दर असतो. रात्री साडेनऊनंतर मुलीला थांबवायचं तर तिची संमती आणि घरापर्यंत वाहन लागतं. "बॉयफ्रेंडला बोलाव" हे उत्तर कायद्यात नाही.

दर तपासणं सोपं आहे. तुमच्या कामाचं किमान वेतन म्हणजे मूळ वेतन अधिक विशेष भत्ता. हा भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. महिन्याच्या रकमेला 26 नं भागा, मग 8 नं. तासाचा दर त्याखाली असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का तेही बघा. गरम तेलानं हात भाजला तर उपचार आणि रजेचे पैसे त्यातूनच मिळतात, तासावर काम असलं तरी.

मला जास्त काळजी वेगळ्याच आकड्याची वाटते: 75. स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईत शिकणाऱ्याला वर्षाला 60,000 रुपये मिळतात, पण कॉलेजात 75 टक्के हजेरी लागते. आठवड्यात तीन क्लोजिंग म्हणजे सकाळची तीन लेक्चर्स गेली. स्वाधारचा हप्ता उशिरा येतो म्हणून मुलगा कामाला जातो आणि कामामुळे स्वाधारच हातचं जातं. अशी दोन मुलं मी यंदा पाहिली.

त्या तिघांनी आता एक वही केली आहे. आत शिरल्याची वेळ, पंचची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, रोस्टरचा स्क्रीनशॉट. पहिल्या पंधरा दिवसांत एकाचे साडेनऊ तास बिनपगारी निघाले. तिघं एकत्रच मॅनेजरकडे गेले. आउटचा पंच आता क्लोजिंगनंतर होतो. संडासाची पाळी अजून तशीच आहे.