विश्लेषण : पावसाळ्यात कोकण किनारी कॅम्परव्हॅन… खिडकी बंद करून झोपणे का धोक्याचे?

जुलैतला शनिवार-रविवार, चार मित्र, भाड्याने घेतलेली कॅम्परव्हॅन आणि गुहागरच्या दिशेने निघालेला रस्ता. मोबाइलवरच्या रीलमध्ये काचेवरून ओघळणारे पाणी दिसते, समोर खवळलेला समुद्र आणि हातात वाफाळता चहा दिसतो. रात्र मात्र रीलमध्ये येत नाही. पाऊस आडवा येतो म्हणून खिडक्या लावल्या जातात. आत घुसमट होते म्हणून एसी लागतो, एसीला वीज लागते आणि बॅटरी संपली की जनरेटर सुरू होतो. या साखळीत शेवटी काय असू शकते, हे दीड हजार किलोमीटरच्या एका महामार्गाने आधीच दाखवून दिले आहे.

वडकऱ्यात काय घडले?

23 डिसेंबर 2024 रोजी केरळमधील कोळिकोड जिल्ह्यात वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह आढळले. ते एसी लावून झोपले होते आणि एसीसाठी गाडीतला जनरेटर सुरू होता. कालिकतच्या एनआयटीतील तज्ज्ञांनी नंतर त्याच गाडीत तशीच परिस्थिती निर्माण करून मोजमापे घेतली. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळाला असलेल्या भोकातून आत शिरला, असा निष्कर्ष निघाला. वडकऱ्यातून जाणारा हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 66. पनवेलला सुरू होऊन चिपळूण, कणकवली, गोवा करत कन्याकुमारीला जाणारा तोच रस्ता.

तेव्हा महिना डिसेंबरचा होता. पावसाळ्यात गाडीची दारे-खिडक्या बंद ठेवण्याचे कारण आणखी वाढते.

हा वायू लक्षात का येत नाही?

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, घसा खवखवत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत ऑक्सिजन असूनही शरीराला तो मिळेनासा होतो. सुरुवातीची लक्षणे डोके जड होणे, मळमळ, गरगरणे आणि झोप येणे अशी असतात. घाटातून सहा-सात तास प्रवास केलेल्या आणि रात्री एखादा पेग घेतलेल्या मित्रमंडळींत यातले एकही लक्षण वेगळे वाटत नाही. ‘गाडी लागली असेल’ किंवा ‘जास्त झाली असेल’ म्हणून विषय संपतो. झोपलेल्या माणसाला तर तेवढेही कळत नाही.

धोका फक्त जनरेटरचा नाही. बाहेर कोळशाच्या शेगडीवर चिकन भाजायला घेतले, तेवढ्यात सर आली आणि कुणीतरी शेगडी उचलून गाडीत आणली, असे सहज घडू शकते. निखारे विझत आले तरी त्यातून हा वायू निघतच राहतो, उलट ज्वाला नसल्याने धोका संपला असे वाटते. गॅसच्या शेगडीचे गणित वेगळे. मोकळ्या हवेत ती निळ्या ज्योतीने जळते आणि फारसा त्रास देत नाही. बंद गाडीत ऑक्सिजन कमी पडला की ज्योत पिवळी होते, भांड्याला काजळी धरते. ही काजळी दिसली की शेगडी लगेच बंद करून दार उघडायचे.

गाडी ओल्या वाळूत रुतली आणि सायलेन्सरचे तोंड गाडले गेले, तर इंजिन सुरू ठेवून एसीत बसणेही तितकेच वाईट. बाहेर पडायला वाट नसलेला धूर तळातल्या फटींतून आत येऊ शकतो.

पावसाचा आणि घुसमटीचा संबंध काय?

साधारण पाच मीटर लांब, माणूस जेमतेम उभा राहील अशा व्हॅनच्या आत सुमारे 15 घनमीटर हवा मावते. कोकणात जुलैच्या रात्री तापमान 25 अंशांच्या आसपास आणि आर्द्रता 95 टक्क्यांपर्यंत असते. या तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 23 ग्रॅम बाष्प धरून ठेवू शकते. 95 टक्के आर्द्रतेत त्यातले जवळजवळ 22 ग्रॅम आधीच भरलेले असते. म्हणजे सगळ्या गाडीतल्या हवेत आणखी 15-20 ग्रॅम पाणी मावते, तीन-चार चमचे म्हणा.

झोपलेला माणूस श्वास आणि घामातून तासाला अंदाजे 40 ग्रॅम बाष्प सोडतो. चौघांचे 160 ग्रॅम. गाडी पूर्ण बंद असेल तर सहा-सात मिनिटांत हवा तुडुंब भरते. त्यानंतरचे पाणी काचेवर, पत्र्यावर, गादीखालच्या फळीवर आणि कपाटातल्या कपड्यांवर उतरते. आठ तासांच्या झोपेत सव्वा लिटरच्या वर. ‘गाडी गळतेय’ अशी तक्रार सकाळी करण्याआधी हा हिशेब करून पाहायला हरकत नाही; बऱ्याचदा छत ठणठणीत असते. त्यात आत मॅगी आणि चहा झाला असेल तर आणखी भर, कारण एक किलो एलपीजी जळताना सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते.

याच वेळी कार्बन डायऑक्साइडही साठतो. चौघे झोपलेले असताना पूर्ण बंद गाडीत त्याचे प्रमाण तासाला साधारण 3,500 पीपीएमने वाढेल. बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असते. प्रत्यक्षात फटी असतात म्हणून ही गती कमी राहते, पण सकाळचे जड डोके बहुतेक वेळा यातूनच येते. हा वायू कार्बन मोनॉक्साइडइतका घातक नाही. अडचण अशी की दोन्हींची सुरुवात डोकेदुखीनेच होते.

मग खिडकी उघडली की ओल जाते का?

इथे परदेशी व्हिडीओ दिशाभूल करतात. ब्रिटिश किनाऱ्यांवर पाऊस पडतो पण हवा थंड असते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये बाहेर 10 अंश असताना हवा बाष्पाने गच्च भरलेली असली, तरी तीत घनमीटरला नऊ-साडेनऊ ग्रॅमच पाणी असते. ती आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता निम्म्यावर येते. ‘खिडकी थोडी उघडा, हीटर लावा, गाडी कोरडी होईल’ हा सल्ला तिथे शंभर टक्के बरोबर आहे.

कोकणात बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली. खिडकी उघडून कपडे वाळत नाहीत, गादीही वाळत नाही. म्हणून लोक कंटाळून खिडकी पुन्हा लावतात. पण उघड्या खिडकीचे दुसरे काम चालूच असते : विषारी वायू बाहेर जातो, ताजा ऑक्सिजन आत येतो, चार माणसांची उष्णता साचत नाही. आपल्या किनाऱ्यावर खिडकी ओल घालवण्यासाठी नव्हे, श्वासासाठी उघडी ठेवायची असते. ओल सोसावी लागते.

छतावरचा व्हेंट आणि त्यावर पावसाची टोपी असेल तर हे सोपे जाते. खिडकीला बाहेरून झडपेसारखे आडोसे आणि डासांची जाळी, आत बॅटरीवर चालणारा छोटा पंखा, एवढ्यावर रात्र निघते. फारशी सुखाची नाही, पण निघते. व्हॅन भाड्याने घेताना फोटोत सोफ्याचा रंग बघण्याऐवजी छताला व्हेंट आहे का, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

बॅटरी आणि सोलरवर एसी चालत नाही का?

चालतो, रात्रभर नाही. व्हॅनमधला लहान एसी रात्रीच्या आठ तासांत पाच-सहा युनिट वीज घेतो. अनेक गाड्यांत दिसणाऱ्या 12 व्होल्ट, 200 अँपिअर-अवर बॅटरीत पूर्ण भरलेली असताना 2.4 युनिट असतात. म्हणजे मध्यरात्रीनंतर लवकरच एसी बंद पडणार. छतावरचे सोलर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसभरात एखाद-दीड युनिट देते; पावसाळी ढगांखाली त्याचा छोटासा भागच मिळतो. जनरेटरचा मोह होतो तो नेमका इथे.

जनरेटर लावायचाच असेल तर तो गाडीपासून बराच दूर, मोकळ्यावर आणि धूर गाडीकडे येणार नाही अशा बाजूला हवा. पावसात भिजू नये म्हणून तो गाडीखाली, डिकीत किंवा ताडपत्रीच्या आडोशाला ठेवणे म्हणजे पुन्हा वडकराच. वारा रात्रीतून दिशा बदलतो, त्यामुळे झोपेत जनरेटर चालू न ठेवणे सर्वांत शहाणपणाचे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या खर्चात अगदी किरकोळ आहे. धुराचा अलार्म आणि हा अलार्म वेगळे. धुराचा अलार्म या वायूवर वाजत नाही. प्रवासी गाड्या आणि बोटींसाठीच्या अलार्मचे युरोपीय मानक ईएन 50291-2 आहे, खरेदी करताना हा क्रमांक पाहता येतो. तो झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर लावतात. एलपीजी गळतीचा अलार्म मात्र खाली, जमिनीलगत हवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि फरशीवर साचतो.

गाडी थेट पुळणीवर लावली तर?

समुद्रासमोर दार उघडायचे, ही या सहलीची मूळ कल्पना. अनेक किनाऱ्यांवर वाहने नेण्यास बंदी आहे, आणि बंदी नसली तरी पावसाळ्यात ते टाळलेलेच बरे. ओहोटीला ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट दिसते. तीन टनांहून जड गाडी तिच्यावर तासभर उभी राहिली की चाकांखालून पाणी झिरपते आणि गाडी बसते. सहा तासांनी भरती येतेच.

भरतीची वेळ काढायला कोकणात जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणायचे, चारने भागायचे. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही. घड्याळाशी ताडून पाहिल्यास पाऊण-एक तास इकडे-तिकडे होतो, तरी अंदाज बरोबर येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, त्यात पावसाळी वारा पाणी आणखी वर ढकलतो. हवामान विभागाचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट पावसाचा असतो. उंच लाटांचा इशारा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते आणि तो वेगळा पाहावा लागतो.

मग रात्र कुठे काढायची?

किनाऱ्यापासून थोडे आत, वाडीतल्या एखाद्या होमस्टेच्या अंगणात. महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण 2021 मध्ये आणले, त्यात अशा गाड्यांसाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. कोकणात प्रत्यक्ष उपयोगी पडते ती मात्र एखाद्या काकूंची परवानगी. पावसाळ्यात पर्यटक कमी असतात, खोल्या रिकाम्या असतात. जेवणाचे आणि विजेचे पैसे आधी ठरवून विचारले तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे पापलेटचा हट्ट सोडून सुकट, टाकळा आणि फोडशीची भाजी यांवर खूश राहण्याची तयारी हवी. जंजिरा, सिंधुदुर्गच्या होड्याही या दिवसांत बंद असतात. म्हणजे पाहण्यासारखे काही नसताना पाहायला गेलेल्यांची ही सहल. गप्पांना वेळ भरपूर.

जागा निवडताना नारळाची सावली सोडावी. वाऱ्यात झावळ्या आणि नारळ दोन्ही पडतात. जांभ्या दगडाच्या उभ्या कापलेल्या दरडीखालीही गाडी नको. गाडीतल्या टॉयलेटची टाकी विहिरीच्या आसपास किंवा ओढ्यात रिकामी करायची नाही. पावसात ते पाणी थेट पिण्याच्या पाण्यात उतरते. यजमानांच्या शौचालयात, त्यांना विचारून.

अंगणातून वीज घेताना गाडीची वायर 16 अँपिअरच्या सॉकेटला लावावी, पंख्याच्या किंवा मोबाइलच्या लहान सॉकेटला नाही. त्याला अर्थिंग आहे का आणि बोर्डावर गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी आहे का, हे आधी तपासावे. जोड पावसात उघडा राहता कामा नये. तो पडवीत, जमिनीपासून वर टांगलेला असावा आणि वायरचा सैल भाग त्याच्या खाली झोळीसारखा सोडलेला असावा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता तिथूनच खाली पडते. एवढे झाल्यावर एसी लावता येतो. तेव्हाही छतावरचा व्हेंट बोटभर उघडा ठेवायचा. थंडावा थोडा कमी होईल.