पेट्रोलचा वास आणि ‘गाडी जुनी झाली’ हे उत्तर

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली भागातल्या अनेक खानदेशी घरांत पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मारुती किंवा सँट्रो अजून चालू आहे. आत पेट्रोलचा वास आला की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘गाडी जुनी झाली, एवढं चालायचंच.’ हा पहिला गैरसमज. टाकीपासून इंजिनापर्यंत इंधनाची वाट बंदिस्त ठेवलेली असते. केबिनमध्ये वास येतो तेव्हा ती वाट कुठेतरी उघडी पडलेली असते. वयाने नळी कडक होते, वायसर चिरतो, क्लिप सैल होते. पण या तिन्ही वस्तू बदलता येतात. कार्बोरेटरच्या गाडीत गरम इंजिन बंद केल्यावर बॉनेटपाशी थोडा वास येतो, हे खरं. मात्र तो सीटपर्यंत पोचणं दोषाचंच लक्षण आहे.

दुसरा गैरसमज, ‘खाली थेंब नाही, म्हणजे गळती नाही.’ पेट्रोलमधले हलके घटक साधारण 35 ते 40 अंशांना उकळू लागतात, आणि सुरतेच्या उन्हाळी दुपारी हवाच तेवढी तापते. बारीक पाझर जमिनीवर पडण्याआधीच उडून जातो; मागे उरतो फक्त नळीवरचा मळकट ओला डाग. शिवाय टाकीतली वाफ धरणाऱ्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, किंवा त्याच्या नळीत बिघाड असेल, तर नुसती वाफच निसटते. तिथे थेंब दिसणारच नाही.

म्हणून वास कुठून येतो हे नाकाने शोधण्याआधी तो कधी येतो, हे टिपून ठेवावं. गुजरातेत पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असल्याने गावी निघालेले लोक नवापूरची हद्द ओलांडण्याआधी टाकी काठोकाठ भरून घेतात. वास त्यानंतरच येत असेल आणि टाकी अर्धी झाल्यावर जात असेल, तर संशय टाकीच्या वरच्या भागावर घ्यावा: भरण्याच्या नळीचा जोड, ढक्कनाचं रबर, किंवा पंप टाकीत असलेल्या गाडीत मागच्या सीटखालचं पंपाचं सील. पेट्रोल पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यानंतरही रक्कम पूर्ण करण्यासाठी भरत राहिलं, तर द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून तो निकामी होऊ शकतो. याउलट इंजिन चालू असताना बाहेरची हवा घेतली की वास वाढतो आणि आतली हवा फिरवली की घटतो, असं असेल तर बॉनेटखालच्या नळ्या आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग आधी पाहाव्यात.

‘सगळा दोष इथेनॉलचा’ हे उत्तर अर्धं खरं आहे. 20 टक्के इथेनॉलला साजेसे सुटे भाग 2023 पासूनच्या गाड्यांत येऊ लागले. जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही 2025 मध्ये मान्य केलं. पण मिश्रण सगळ्यांच्या टाकीत सारखंच असताना वास मोजक्याच गाड्यांत येतो. म्हणजे इथेनॉल धरलं तरी कुजलेली नळी कोणती, हे शोधावंच लागतं.

सीएनजीचा वास मात्र वेगळा ओळखावा. मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र गंधकयुक्त द्रव्य मिसळतात. मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर जातो. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड, ती पायांशी साचते. त्यामुळे काच वरून किंचित उघडून पेट्रोलचा धोका टळत नाही. सीएनजीचे जोड साबणाच्या पाण्याने तपासता येतात, आणि सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी सक्तीची आहे.

‘थोड्या वेळाने वास गेला’ यावरही विसंबू नये, कारण नाक सवयीने बधिर होतं. बाहेरून आलेल्या माणसाला विचारावं. हवेत दीड टक्क्याच्या आसपास पेट्रोलची वाफ असली तरी ठिणगीने ती पेटते. तेव्हा तीव्र वास आला किंवा ओल दिसली, तर गाडी चालू करू नका, दारं उघडी ठेवून दूर उभे राहा आणि मेकॅनिकला जागेवर बोलवा. सुगंधी डबी लावून दुरुस्ती होत नाही. धोक्याची सूचना तेवढी दडपली जाते.