तापमान बदललं की काम सुरू: पायरोकॅटॅलिसिसची ओळख

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे इथे कुणाला सांगायला नको. त्यामुळे वापरलेलं पाणी स्वस्तात शुद्ध करायची गोष्ट निघाली की आपले कान टवकारतात. नांदेड-लातूरला ऊन तर भरपूर आहे. मग या तापावरच पाणी शुद्ध होईल का?

काही स्फटिकांच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण प्रभार असतो. एरवी बाहेरचे प्रभार येऊन चिकटतात आणि तोल सांभाळला जातो. तापमान बदललं की हा तोल बिघडतो आणि पृष्ठभागावर प्रभार मोकळा होतो. हे पायरोइलेक्ट्रिक पदार्थ. उदाहरणार्थ टुर्मलीन, बेरियम टायटनेट, लिथियम नायोबेट. जिन्यात माणूस आला की आपोआप लागणारा दिवा असतो ना, त्याच्या सेन्सरमध्ये असाच पदार्थ असतो. त्याच्यासमोर अगदी स्थिर उभे राहा, थोड्या वेळाने दिवा विझतो. बदल थांबला की त्याचं कामही थांबतं.

अशी पूड पाण्यात टाकली की मोकळा प्रभार पाण्याशी आणि त्यात विरघळलेल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो. हायड्रॉक्सिल मूलकासारखे जहाल घटक तयार होतात. ते रंगाचे रेणू तोडतात, जिवाणू मारतात. पूड स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून ती उत्प्रेरक. लिथियम नायोबेटची पूड आणि पाणी आलटून पालटून गरम-गार करून ई. कोलाय जिवाणू मारता येतात, हे जर्मन संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. मे महिन्यात दुपारी 40 अंश, पहाटे 25 अंश. फरक 15 चा. बेरियम टायटनेट एका अंशाला दर चौरस मीटरवर सुमारे 200 मायक्रोकूलॉम प्रभार देतं. एक ग्रॅम बारीक पुडीचा पृष्ठभाग 10 चौरस मीटर धरा. तापताना 0.03 कूलॉम, गार होताना तितकाच. आता एक लिटर पाण्यात ऱ्होडामिन बी हा रंग 5 मिलिग्रॅम आहे असं समजा. एका रेणूला एकच इलेक्ट्रॉन पुरतो आणि काहीच वाया जात नाही असं मानलं, तरी 17 दिवस लागतील! प्रत्यक्षात याहून कितीतरी जास्त.

म्हणजे नुसतं कडक ऊन उपयोगाचं नाही. दिवसातून एकच चक्र मिळतं. प्रयोगशाळेत मात्र काही मिनिटांत एक चक्र होतं. मग आपल्याकडे पाणी सारखं गरम-गार कुठे होतं? साखर कारखान्यात! कंडेन्सरमध्ये तापलेलं पाणी स्प्रे पाँडमध्ये निवतं आणि पुन्हा फिरतं. तिथे वेगळं इंधन न जाळता चक्रं मिळू शकतात. पण पूड वाहून जाणार नाही अशी बसवावी लागेल आणि पाणी तपासावं लागेल.

तेव्हा अशी बातमी वाचली की दोन प्रश्न विचारा: तापमानात फरक किती अंशांचा, आणि तासाला चक्रं किती?